प्रॉम्टरचं सगळं ऐकायचं नसतं

जेलात मला ‘डोक्याची बाई’ म्हणतात. डोकं दुखलं, फिरलं, तापलं, नाहीतर रात्रभर बंदच होईना, की जिच्याकडे जायचं ती बाई. सुरुवातीला मला या नावाचा असा राग यायचा की विचारू नका. अरे, मी रीतसर शिकलेली समुपदेशक आहे, सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांसोबत बसते, दारावर माझ्या नावाची पाटी आहे! पण एका म्हाताऱ्या कैद्याने मला समजावलं, “बाई, दाताची बाई असते, डोळ्याची बाई असते, मंग डोक्याची म्हटलं तं काऊन चिडता?” तेव्हापासून मी डोक्याची बाई.

दर गुरुवारी सकाळी मी जेलच्या फाटकाशी हजर होते. मोठ्या दारातलं छोटं दार उघडतं, त्यातून मान वाकवून आत जायचं. माझी उंची मुळात बेताची, तरी वाकावं लागतंच. फाटकावरची शिपाईण माझी पिशवी तपासते, डबा उघडून भाजी कुठली ते बघते आणि मग हळूच आवाज खाली करून म्हणते, “म्याडम, एक विचाराचं होतं.” तिला घरी गेलं की लेकरांवर ओरडायची सवय लागलेली. तिच्या जोडीच्या शिपायाला झोप येत नाही. म्हणजे आतल्या माणसांपर्यंत पोहोचायच्या आधी माझे दोन पेशंट फाटकातच होऊन जातात. मी म्हणते, अगा बाप्पा, आधी आतले तर बघू द्या, बाहेरचे कुठे पळून जात नाहीत!

आत कडुलिंबाखाली सतरंजी टाकून आमचा तास भरतो. बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून चालू आहे, निकाल लागायचा आहे असे. त्यांचं मुख्य दुखणं एकच: तारीख. तारीख जवळ आली की झोप जाते, तारीख पुढे गेली की भूक जाते. पण माणसं भारी गमतीची. एकदा मी त्यांना श्वासाचा व्यायाम शिकवत होते. म्हटलं, डोळे मिटा, श्वास आत घ्या, थोडा वेळ आतच ठेवा. एक खिसेकापू डोळे मिटूनच म्हणाला, “बाई, आमाले आत ठेवलं तेवढं पुरे झालं, श्वासाले तरी जामीन द्या!” अख्खी सतरंजी हसून लोळली. व्यायाम तिथेच संपला. डॉक्टरांना मी सांगितलं, आज सगळ्यांचे श्वास छान मोकळे झाले.

तर या सतरंजीवर एका गुरुवारी नवा माणूस आणून बसवला. चाळिशीचा असेल. उंच, खांदे रुंद, मिशी झुपकेदार, पण नजर जमिनीत. एक कान सतत तिरका, जणू मागून कोणी हाक मारणार आहे. ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. बराकीतल्या लोकांनी आधी त्याची खोडी काढून पाहिली होती, मग घाबरले होते, आणि शेवटी माझ्याकडे घेऊन आले होते. “हे घ्या बाई, तुमचं गिऱ्हाईक.”

गुन्हा काय, तर ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर उभ्या एसटीच्या काचा फोडल्या आणि अडवायला आलेल्या कंडक्टरला ढकलून दिलं. कंडक्टरच्या हाताला लागलं. सरकारी गाडी, सरकारी माणूस. जामीन सहज मिळेना, आणि मिळवायला मागे फिरणारंही कोणी नव्हतं. त्या गाडीत तुला मारायला माणसं बसली आहेत, असं त्याला कोणीतरी सांगत होतं. सांगणारा त्याच्याशिवाय कोणालाच ऐकू येत नव्हता.

त्याला ओळखलं आमच्या जेलर साहेबांनी. साहेब नाटकवेडे. आमच्या झाडीपट्टीत, या धानाच्या पट्ट्यात, दिवाळी झाली की होळीपर्यंत गावोगाव नाटकं चालतात, रात्री सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असो, गावजत्रेची मंडई असो, नाटक पाहिजे म्हणजे पाहिजेच. पोरगी बघायला येणारे पाहुणेसुद्धा नाटकाचा दिवस बघून येतात. साहेब फेरीवर आले, सतरंजीजवळ थबकले आणि कमरेवर हात ठेवून ओरडले, “अबे, हा तं तो पाटील होय! विधवेची जमीन खाणारा! मी याले चप्पल फेकून मारली होती!”

त्या माणसाने पहिल्यांदा मान वर केली. चेहऱ्यावर अशी काही लकाकी आली की मी बघतच राहिले. म्हणाला, “गंज चपला आल्या जी साहेब, ढीगभर. तुमची कोणती?”

नट होता तो. झाडीपट्टीतला नावाजलेला खलनायक. बायाबापड्या त्याला बघून बोटं मोडायच्या, हीच त्याची कमाई. पण हळूहळू तो स्टेजवर भलतंच बोलायला लागला, मधेच थांबून ऐकत राहायचा, आणि कंपन्यांनी त्याला बोलावणं बंद केलं. गावात ताईत झाले, उतारे झाले. डॉक्टर तेवढा झाला नव्हता. तो झाला जेलात आल्यावर. मला याचं हसू येतं आणि संतापही येतो: माणसाला दवाखान्याचं दार दिसायला आधी जेलचं दार बघावं लागतं!

डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या सुरू केल्या. गोळी तोंडात टाकून जीभ वर करून दाखवायची, असा नियम. तो तेही खलनायकाच्या थाटात करायचा, डोळे वटारून. काही आठवड्यांनी कान सरळ झाला, नजर वर आली, जेवण अंगी लागू लागलं. मी विचारलं, “आता कसा आहे आवाज?”

“दूर गेला बाई. पयले विंगेत होता, आता पेंडॉलच्या बाहेर गेला. पण येते अजून.”

“कोण वाटतो तुला तो?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की एवढं साधं कळू नये का या बाईला. “प्रॉम्टर. अजून कोण?”

प्रॉम्टर म्हणजे आमच्या नाटकातला खरा राजा. तालमी करायला कोणाला वेळ असतो? सीझनमध्ये आज एक नाटक, उद्या दुसरं. म्हणून विंगेत संहिता घेऊन एक माणूस बसतो आणि प्रत्येक वाक्य आधी हळू बोलतो. नट तेच मोठ्याने, हावभावासकट बोलतो. याने आयुष्यभर तेच केलं होतं. कानात वाक्य पडलं की तोंडातून काढायचं. मग कानात ‘काच फोड’ पडलं, तर त्याने फोडली. वेडेपणा कसला? माणूस आपल्या धंद्याला इमान राखून वागला होता.

मी म्हटलं, “मग प्रॉम्टर जे सांगेल ते सगळं तू बोलायचास?”

आता तो चिडला. नटाचा अपमान झाला होता ना! “सारं कसं बोलीन बाई? प्रॉम्टर सांगते, पण बोलणारा तं मी होय! एकदा त्याले डुलकी लागली, दोन पानं एकदम पलटली, अन्‌ मी ज्याचा खून केला त्याचाच डायलॉग मले देल्ला. ‘आई, मले पाणी दे’ म्हणे. मी मिशीले पीळ मारून उभा! पाणी कायले मागीन मी? मी माह्या मनाचा डायलॉग मारला, टाळ्या पडल्या.”

“मग याला काय घाबरतोस?” मी विचारलं. “यालाही डुलकी लागली असेल. यानेही पानं पलटवली असतील.”

तो मिशीवरून हात फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, “हौ ना बाई. हे मी पाह्यलंच नाई.” मी त्या सतरंजीवर उठून नाचायचीच बाकी राहिले होते. जेलर साहेब समोर होते म्हणून बसून राहिले, एवढंच.

त्या दिवसापासून आमचं ठरलं. आवाज आला की आधी मान वळवून बघायचं, कोणाचे ओठ हलतात? कोणाचे हलत असतील तर तो माणूस. नसतील हलत तर तो प्रॉम्टर. प्रॉम्टरचं ऐकून घ्यायचं आणि मग आपल्या मनाचं करायचं. बराकीला नवीनच खेळ मिळाला. उठल्याबसल्या विचारायचे, “आज काय म्हणून राह्यला बे तुहा प्रॉम्टर?” एकदा तो म्हणाला, “‘जेवू नको’ म्हणत होता. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.” दुसऱ्यांदा म्हणाला, “म्हणते का तुह्या बाजूले चोर झोपून राह्यला.” बाजूला झोपणारा आमचा खिसेकापू म्हणाला, “हे तं त्यानं खरंच सांगतलं लेका!”

असं सगळं हसतखेळत चाललं होतं, तेवढ्यात त्याची बहीण आली.

धानोऱ्याच्या पलीकडून, जीप बदलत, बस बदलत. सुरकुतलेला चेहरा, हातात कापडाची पिशवी, त्यात भावासाठी मोहाचे लाडू. आई लहानपणीच गेली, याला तिनेच वाढवलं. मुलाखतीच्या जाळीतून दोघं बोलले कमी, रडले जास्त. बाहेर आल्यावर फाटकाजवळ तिने मला गाठलं.

“बाई, तुमीच का त्या डोक्याच्या? मंग खरं सांगा. त्याचा तो आवाज गेला का?”

मी म्हटलं, “खूप कमी झालाय. गोळ्या चालू राहिल्या तर असाच कमी राहील. पण पूर्ण जाईल असं मी सांगू शकत नाही.”

तिने पिशवीची घडी घातली, परत उलगडली. “मंग मी नाई नेत. नाराज नोका होऊ. घरी लहान लेकरं आहेत, मी दिवसभर रानात राह्यतो, कधी मोह, कधी तेंदू. त्यानं एवढ्या मोठ्या गाडीच्या काचा फोडल्या; माह्या घराले तं काचा बी नाईत, तो काय फोडन मंग? आवाज गेला असन तरच नेतो.”

तिच्यावर रागावू तरी कशी? तिचं बरोबर होतं. पण मला माहीत होतं, ती नाही म्हणाली तर दुसरं कोणी नाही. मग कोर्ट त्याला दूरच्या मनोरुग्णालयात पाठवणार. तिथे उपचार मिळतील, जेवण मिळेल, पण या माणसाचं त्या शहरात काळं कुत्रंही ओळखीचं नव्हतं. आणि त्याला एकच हवं होतं. दर गुरुवारी तो विचारायचा, “बाई, बहीण नेईन का मले?”

त्याच सुमारास कोर्टाचा हुकूम आला. एरवी तारखा जेलातल्या खोलीत व्हिडिओवर होतात; पण या खेपेला मॅजिस्ट्रेट साहेबांना त्याला प्रत्यक्ष बघायचं होतं. कोर्टात काय चाललंय ते याला कळतं का, आणि घरी सोडला तर पुन्हा काही करेल का. डॉक्टरांचा अहवाल गेलाच होता.

विधी सेवेतून मिळालेला वकील तरुण होता, हुशार होता, वडिलांचं गावात शिंप्याचं दुकान. बोलणं मात्र कात्रीसारखं. मला म्हणाला, “ताई, एकदम सोपं आहे. साहेब विचारतील, आवाज येतो का? याने म्हणायचं, नाही. बहीण ऐकेल, खूश. साहेब ऐकतील, खूश. घोडं गंगेत न्हालं.”

“आणि अहवालात लिहिलंय की थोडा येतो, त्याचं काय?”

“अहवाल कागद आहे ताई. साहेब कान माणसाला देतात.”

माझं टाळकं सरकलं. “अरे शहाण्या, आवाज गेला म्हटलं की बहीण म्हणेल, मग गोळ्या कशाला? गोळ्या बंद झाल्या की पुढची एसटी तूच भरून देशील का?”

तो हसला. “ते नंतर बघू ना ताई. आधी बाहेर तर येऊ द्या त्याला.”

पुढच्या गुरुवारी मी आत गेले तर वकिलाचा सल्ला बराकीत पोहोचलेला आणि कडुलिंबाखाली कोर्ट भरलेलं! प्लास्टिकच्या खुर्चीवर जेलर साहेब मॅजिस्ट्रेट. आमचा खिसेकापू अंगावर काळी घोंगडी घेऊन सरकारी वकील. बाकीची बराक म्हणजे पब्लिक. साहेबांनी करड्या आवाजात विचारलं, “आरोपी, तुला आवाज येतो का?” चारी बाजूंनी कुजबुज सुरू: “नाई म्हण, नाई म्हण बे!” आरोपी दोन पावलं पुढे आला, छाती काढली, मिशीला पीळ दिला आणि म्हणाला, “नाई, न्यायाधीश महाराज! आवाज... येत... नाई!” आणि सवयीने शेवटी राक्षसासारखा हसला. जेलर साहेब खुर्चीवरून पडता पडता वाचले. “अबे, हसू नोको! तुले जामीन पायजे का विधवेची जमीन?”

मलाही हसू आवरेना, पण त्या हसण्यातच राग उसळला. म्हटलं, “वा रे वा! ज्या माणसाला मी ऊर फुटेस्तोवर सांगतेय की दुसऱ्याने कानात सांगितलं म्हणून बोलू नको, त्याला तुम्ही अख्खी बराक मिळून प्रॉम्टिंग करताय! एक प्रॉम्टर कमी होता का त्याला?”

जेलर साहेब उगीच आभाळ बघू लागले. मग तो म्हातारा कैदी म्हणाला, “पण बाई, घरी गेला पायजे ना तो.”

माझा सगळा ताव उतरला. घरी गेला पाहिजे, हे तर मलाही वाटत होतं. खरं सांगते, मनातून मीही म्हणत होते, म्हण बाबा ‘नाही’, आणि जा एकदाचा. तो सतरंजीच्या कडेला बसून आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला एवढंच म्हटलं, “काय बोलायचं ते तू ठरव. मी बाकावर बसलेली असेन.”

कोर्ट ब्रह्मपुरीचं, म्हणजे माझं माहेर. मी आदल्या दिवशीच मूल, सिंदेवाही, नागभीड करत आईकडे जाऊन राहिले. आई माझ्या नोकरीची आधीपासून चेष्टा करते. म्हणाली, “विहारात तू लहानपणी घडीभर गप बसली नाई, अन्‌ सरकारनं तुले लोकायले शांत कराची नोकरी देल्ली!” मी जेवले नाही नीट, तेव्हा मात्र तिने चेष्टा थांबवली आणि ताटात अजून भात वाढला.

सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात बघते तर बहीण बसलेली. मला आनंदही झाला आणि शंकाही आली. “तुम्ही कशा आलात?”

“वकील साहेबाचा फोन आला होता ना. म्हणे आवाज गेला, या न्याले.” तिचा चेहरा नुसता उजळला होता. वकील दूर फायली चाळत होता. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो आणखी दूर जाऊन चाळू लागला.

पुकारा झाला. पोलिसांनी त्याला आणलं. धुतलेला शर्ट, केस चापून बसवलेले. जेलर साहेबांनी स्वतःचा कंगवा दिला होता म्हणे. मॅजिस्ट्रेट साहेब मध्यमवयीन, चष्मा नाकावर, बोलणं मऊ. नाव विचारलं, गाव विचारलं. काय केलंस म्हणून विचारलं.

“गाडीच्या काचा फोडल्या साहेब. कंडक्टर भाऊले ढकललं, त्याच्या हाताले लागलं. वाईट झालं.”

हसला नाही, छाती काढली नाही. मला हायसं वाटलं.

“तुला आवाज ऐकू यायचे. अजून येतात का?”

कोर्टात पंखा कुरकुरत होता, तेवढाच आवाज. आणि मग जे व्हायला नको तेच झालं. त्याची मान हळूहळू मागे वळली, कान तिरका झाला. पहिल्या दिवशी बघितला होता तसा. मान परत पुढे आली.

“येते साहेब.”

वकिलाच्या हातातली फाईल खाली पडली. बहिणीने पदर तोंडात धरला. साहेब पुढे वाकले. “आत्ता येतो आहे?”

“हौ. आत्ता बी येऊन राह्यला.”

“काय म्हणतो?”

“म्हणते का, नाई म्हण, नाई म्हण.”

साहेबांनी पेन उचललं. झालं, मी मनात म्हटलं, लागली वाट. सगळ्यांनी मिळून त्याच्या कानात इतकं ओतलं की तेच आता आतून यायला लागलं. मला त्या क्षणी जेलर साहेबांचा, बराकीचा, वकिलाचा, सगळ्यांचा राग आला आणि रडूही आलं.

“पण साहेब,” तो म्हणाला, “हा तो नाई. हा आमच्या वकील साहेबाचा होय. मी वळून पाह्यलं, त्याइचे ओठ हलून राह्यले होते.”

कोर्टात असं हसू फुटलं की शिपायाला ‘शांत, शांत’ ओरडावं लागलं, आणि तोही हसतच ओरडत होता. वकील लालबुंद होऊन फाईल उचलायला वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग परत गंभीर झाले. “आणि तुझा तो? तो काय म्हणतो?”

“तो म्हणते का, पळ.”

“मग?”

“मंग काय साहेब? मी कुठी पळून राह्यलो? उभाच आहो ना तुमच्या समोर. तो बोलते, बोलू द्या. मी गोळी घेतो अन्‌ माह्या मनाचं करतो.”

साहेबांनी डॉक्टरांचा अहवाल पुन्हा उघडला, एक पान वाचलं, मिटला. मग बहिणीला पुढे बोलावलं. आता सगळं तिच्यावर आलं होतं. ती पदर सावरत उभी राहिली. माझ्याकडे एकदा बघितलं. मी मान खाली घातली.

“बाई, तुम्ही ऐकलंत. आवाज अजून येतो. तो स्वतःच सांगतोय. गोळ्या रोज द्याव्या लागतील, दवाखान्यात आणावं लागेल. घरी नेणार का?”

“मले तं सांगतलं होतं का आवाज गेला,” ती म्हणाली, आणि भावाकडे बघत राहिली. तो खाली बघत होता. मोठा खलनायक माणूस, हात बांधून, शाळेतल्या पोरासारखा.

“साहेब,” ती शेवटी म्हणाली, “घरी माही सासू आहे. पहाटंपासून तिचं तोंड सुरू होते ते दिवा लावेपर्यंत. हे नोको करू, ते कर, ह्याले मार, त्याले हाकल. आमी सारे ऐकतो अन्‌ आपल्याच मनाचं करतो. त्यात हा अजून एक बोलणारा. नेतो मी त्याले.”

साहेबांनी मान खाली घालून लिहायला घेतलं. त्यांचे खांदे हलत होते. मी तर उघड उघड रडत होते आणि हसतही होते, आणि शेजारची एक अनोळखी बाई मला विचारत होती की तुमचा कोण लागतो तो. मी म्हटलं, कोणी नाही, पेशंट आहे माझा.

वकील व्हरांड्यात माझ्याजवळ आला. “ताई, माझं चुकलं.” मी म्हटलं, “चुकलं तर चुकलं, आता गोळ्यांची चिठ्ठी त्या बाईला नीट समजावून सांग, आणि या खेपेला खरं सांग.” गेला बिचारा, समजावत बसला.

हुकूम जेलपर्यंत पोहोचून सुटका व्हायला अजून एक दिवस जाणार होता. पोलीस त्याला गाडीकडे नेत होते, बहीण पिशवी घेऊन मागे मागे. हवालदाराने बघून न बघितल्यासारखं केलं आणि ती भावाच्या जवळ पोहोचली. मी मागेच होते. तिने त्याला विचारलं, “खरंच पळ म्हणत होता का रे तो?”

“हौ.”

“मंग काऊन नाई पळाला?”

“तू बसली होती ना समोर.”